आबांनी कधी हात हलवला नाही

खडकी, पुणे
१४ जुलै २०२५

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू बरंच बोललास आणि माझी बोलायची वेळ आली तेव्हा तुझी मीटिंग सुरू झाली, म्हणून हे लिहितेय. व्हॉट्सॲपवर पाठवलं असतं तर अंगठा उमटवून पुढे गेला असतास. कागद निदान गाडीत आठवडाभर पडून राहतो, आणि वाकडच्या सिग्नलला माणसाला वाचायला भरपूर वेळ मिळतो.

मुद्दा ओवीचा. बाणेरच्या टेकडीवर तिच्या वयाची पोरं गवतात लोळत होती आणि ही आपली पायवाटेच्या कडेला उभी. मी म्हटलं, जा की गं. तर म्हणते, "आजी, आधी काठी." मग काठी शोधली, गवतात तिरकी खुपसली, एक पाऊल टाकलं, परत खुपसली. श्वेताने व्हिडिओ काढला, तुला पाठवला, आणि तुझा मला फोन. "आई, माझ्यावर केलंस ते पुरे नाही झालं का? तिला तरी सोड."

मी तिला नाही शिकवलं, निखिल. मीही तिला विचारलं, हे कुठून आणलंस. म्हणाली, "बाबा करतात ना, सापासाठी."

तू म्हणशील, सापासाठीच करतो, त्यात काय. खरंय, पावसाळ्यात टेकडीवर घोणस निघते. पण सापासाठी काठी आपटतात रे. तिरकी खुपसत नाहीत.

तिरकी खुपसणारा माणूस आपल्या घरात एकच होता. अंगणातल्या तुळशीची माती आबा आईच्या विणकामाच्या सुईने मोकळी करायचे, आठवतं? सुई कधी सरळ उभी घातली नाही. आडवी धरून, हळूहळू, बोटभर अंतर सोडून पुन्हा. तू शेजारी उकिडवा बसून आइस्क्रीमच्या काडीने तसंच करायचास. मला वाटायचं, आजोबा-नातवाची बागकामाची गंमत चाललीय. जमिनीत पुरलेल्या सुरुंगावर वरून दाब आला की तो उडतो, म्हणून तो शोधणारा सॅपर पोटावर पडून प्रॉडर, म्हणजे टोकदार सळई, तिरकी घालतो, साधारण तीस अंशांत, म्हणजे टोक सुरुंगाच्या कुशीला लागतं, डोक्याला नाही. हे मला कळलं तेव्हा मी पंचेचाळीस वर्षांची होते, आणि आबांना जाऊन तेरा दिवस झाले होते.

आबा बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे इथल्या बीईजीचे, लष्कराच्या इंजिनिअर जवानांतले, एवढं तुला माहीत आहे. घरात राणेसाहेबांची गोष्टही तू शंभरदा ऐकलीस. एप्रिल १९४८, नौशेरा ते राजौरीचा रस्ता, सुरुंग आणि तोडून टाकलेली झाडं, आणि जखमी असताना रणगाड्याखालून सरपटत दोरीने ड्रायव्हरला खुणा करणारे सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे. परमवीरचक्र. ही गोष्ट आबा रंगवून सांगायचे, दोरीची ओढसुद्धा करून दाखवायचे. १९९४ साली राणेसाहेब पुण्यातच गेले, त्या दिवशी ते जेवले नाहीत. पण स्वतः १९७१ला काय केलं, हे विचारलं की म्हणायचे, "सरकारी काम." पुढे काही नाही. आईला विचारावं तर ती म्हणायची, "ते तसेच आहेत."

लोकांना वाटतं, लढाईतून आलेला माणूस फटाक्याला दचकतो. आबा मुळीच दचकत नव्हते. दिवाळीत ॲटमबॉम्बची वात तेच लावायचे, वर आम्हालाच हसायचे. त्यांना भीती होती ती गवताची. आणि पडलेल्या वस्तूची. वाट सोडायची नाही. चिखलात दुसऱ्याचं पाऊल उमटलंय तिथेच आपलं ठेवायचं. रस्त्यात काही चकाकलं तर हात लावायचा नाही. शाळेतल्या पोरी चिंचा गोळा करायला झाडाखाली पळायच्या आणि मी डांबरी रस्त्यावर उभी राहून त्यांची दप्तरं सांभाळायचे. तेव्हा मला वाटायचं, मीच भित्री.

१९७४ असेल, मी आठ वर्षांची. बोपोडीच्या मैदानात मला डबा सापडला, बिनझाकणाचा, पॉलिशचा असावा. आत ठेवायला चिंचोके मावतील म्हणून उचलला आणि पळत घरी आले, "आबा, बघा!" त्यांनी तो हातातून घेतला, लांब भिंतीशी नेऊन अलगद ठेवला, परत आले आणि माझ्या कानाखाली अशी वाजवली की कान दोन दिवस गुणगुणत होता. मग मला मोरीत नेलं आणि माझा हात नळाखाली धरला. धूत राहिले. एकेक बोट, बोटांच्या बेचक्या, नखं. पाणी संपून नळातून नुसती हवा यायला लागली तरी हात सोडला नाही. एक शब्द बोलले नाहीत.

आता स्वारगेटचं. तू दर भांडणात ते काढतोस, आणि काढावंस. २००१, सिंहगडाची सहल, बस बंद पडलेली, तुम्ही तीन तास उशिरा आलात. बाकीच्या आया पोरांना जवळ घेत होत्या आणि मी तुला सगळ्या वर्गासमोर थोबाडीत मारली. मग रिक्षात बसल्यावर तुझे हात माझ्या पदराने पुसत राहिले, घर येईपर्यंत. तू थोबाडीत लक्षात ठेवलीस. मला त्या पुसण्याची लाज जास्त वाटते, कारण पुसताना मला मोरीतला नळ आठवत होता आणि तरी हात थांबत नव्हता.

तेराव्याला फलटणकडून आबांचे एक जोडीदार आले होते, निवृत्त सुभेदार. तू हॉस्टेलवर होतास, परीक्षा चालू होती. सगळे पांगल्यावर ते गॅलरीत माझ्यापाशी बसले आणि म्हणाले, "ताई, त्यो पोरगा त्यांनी सांगितला का कधी?"

लढाई पंधरवड्यात संपली, पण आपणच आपल्या सीमेलगतच्या शेतांत पुरलेले सुरुंग तिथेच होते. २ जुलै १९७२ला सिमला करार झाला, फौजा मागे यायच्या ठरल्या, शेतकऱ्यांना त्यांची जमीन परत हवी होती. ते सुरुंग काढायचं काम सॅपर्सचं. नकाशे असतात, पण मध्ये एक पावसाळा गेला की सुरुंग जागचे हलतात. आबांची तुकडी गुरदासपूरच्या बाजूला होती. साफ केलेल्या वाटेला दोन्हीकडून पांढरी फीत लावलेली. गावातला एक मुलगा रोज त्या फितीतून चालत यांच्यासाठी लस्सी आणायचा. आठ-नऊ वर्षांचा. आबांशी त्याची गट्टी. त्या दिवशी तो शेताच्या पलीकडच्या बांधावर दिसला, फितीपासून लांब. आबांनी "थांब" म्हणून हात वर केला. पोराला वाटलं, बोलावतायत. त्यानेही हात वर केला आणि सरळ शेतातून पळत सुटला.

सुभेदारांनी पुढचं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. त्यांनी चहा बशीत ओतला आणि तो गार होईपर्यंत बशी धरून बसले.

मग मला एकदम आठवलं की आबांनी कधी कोणाला हात हलवला नाही. शिवाजीनगरच्या स्टँडवर एसटी सुटायची, सगळ्या खिडक्यांखाली हात हलत असायचे, आणि आमचे आबा दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे. मी लग्न होऊन निघाले तेव्हाही तसेच. मी किती वर्षं मनात धरलं होतं ते.

ते मोकळे हसायचे ते फक्त वानवडीला. तिथल्या आर्टिफिशियल लिंब सेंटरमध्ये, १९४४पासूनचं आहे ते, त्यांचे कोणी ना कोणी जोडीदार यायचे आणि हे भेटायला जायचे. मला एकदोनदा नेलं होतं. मी बाकावर लिमलेटची गोळी चोखत, समोर फळीवर ओळीने पाय मांडलेले, आणि आतून आबांच्या हसण्याचा गडगडाट. घरी तसा आवाज कधी ऐकला नाही.

चौतीस वर्षं पोरांना जीवशास्त्र शिकवलं, त्यामुळे हे सगळं रक्तातून येतं का, हा किडा डोक्यात वळवळलाच. अमेरिकेत उंदरांना एका वासाबरोबर विजेचा झटका देऊन त्या वासाची भीती लावली, तर त्यांची पिल्लं आणि पिल्लांची पिल्लंही त्या वासाला दचकली, असा एक प्रयोग २०१३मध्ये छापून आला. ज्यूंच्या छळातून वाचलेली ३२ माणसं आणि त्यांची २२ मुलं तपासून न्यू यॉर्कच्या रेचल येहुदांनी ताणाशी संबंधित एका जनुकावर दोन्ही पिढ्यांत खुणा दाखवल्या, २०१५ साली. खूप गाजलं ते. पण ५४ माणसांवरून मी तरी कुणाचं रक्त ठरवणार नाही. आणि आपल्याला जनुकापर्यंत उतरायची गरजच काय? विणकामाची सुई आहे, आइस्क्रीमची काडी आहे, काठी आहे. मला मधला एकेक हात दिसतो.

दुसरी एक गोष्ट मात्र मला अजून टोचते. आबांसारख्यांच्या दुखण्याला पीटीएसडी हे नाव अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या पुस्तकात आलं १९८०मध्ये. आबा घरी आले १९७३ला. पहिल्या महायुद्धापासून 'शेल शॉक' म्हणत होते, पण तो शब्द खडकीच्या चाळीत कोण घेऊन येणार? आमच्याकडे एकच निदान होतं. ते तसेच आहेत.

आणि मी? मला २०११ला कळलं. चौदा वर्षं तुला सांगितलं नाही. आबा बोलले नाहीत म्हणून त्यांना नावं ठेवते आणि मी स्वतः तेच करत बसले. तुझी परीक्षा झाली, नोकरी लागली, लग्न झालं, ओवी झाली, दर वेळी वाटायचं आत्ता नको. ७ मेला देशभर मॉक ड्रिल झालं, टीव्हीवर भोंगे वाजत होते, तेव्हा मी गॅस बंद केला, दाराला कडी लावली आणि तुला अकरा फोन केले. तू वैतागून म्हणालास, "ड्रिल होतं गं!" माहीत होतं मला. सकाळी पेपरात वाचलं होतं.

तुझ्यावर मी जे केलं त्याची ही सबब नाही. थोबाडीत माझ्या हाताने मारली, आबांच्या नाही. पण तू गेल्या वर्षी म्हणालास ना, "माझ्यातच काहीतरी होतं म्हणून तू कायम घाबरायचीस", ते तेवढं डोक्यातून काढ. तू सात महिन्यांचा असताना मी तुला हिरवळीवर बसू देत नव्हते. सात महिन्यांच्या पोरात काय असणार?

श्वेताला एक सांग. ओवी गाडीतून हात हलवते आणि मी दारात नुसती उभी असते, ते तिला खटकतं, माझ्या लक्षात येतं. तिला ही गोष्ट सांग, पण ओवीसमोर नको. ओवीला कधी आणि किती सांगायचं ते तुम्ही दोघं ठरवा.

रविवारी येताना तिचे गमबूट आण, वर चिखल आहे. काठी आणू नकोस. सापासाठी मी माझी छत्री आपटेन.

तुझी,
आई