समुद्राकडून कोकण: मित्रास पत्र

भगवती बंदर, रत्नागिरी.

प्रिय मित्रास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मुंबई सोडण्याच्या आदल्या संध्याकाळी हाती आले. महामार्ग आहे, कोकण रेल्वे आहे, मग गोव्यापर्यंत शिडाच्या नावेने जाण्याचा अट्टहास कशासाठी, हा तुझा प्रश्न मी सोबत घेऊनच निघालो. आता साधारण निम्मा किनारा मागे पडला आहे, नाव बंदरात नांगरलेली आहे आणि लिहायला निवांतपणा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

नाव 33 फुटी आहे आणि तिच्यावर आम्ही चौघे आहोत. मुंबई ते गोवा हे अंतर समुद्रमार्गे सव्वादोनशे सागरी मैलांच्या आसपास भरते. इंजिन आहे, पण ते बंदरात शिरताना आणि वारा पूर्ण पडला तरच चालवायचे असे आम्ही ठरवले आहे. थंडीचे दिवस मुद्दाम निवडले, कारण या दिवसांत वारा दक्षिणेकडे जाणाऱ्याच्या बाजूने असतो. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते, त्यामुळे पहाटे किनाऱ्याकडून मतलई वारा सुटतो. तो डाव्या अंगाने शिडात भरतो आणि किनाऱ्याजवळचे पाणी तेव्हा इतके सपाट असते की नाव जवळजवळ आवाज न करता पळते. दुपारच्या सुमारास तो पडतो, थोडा वेळ शिडे लोंबकळतात, आणि मग तापलेल्या जमिनीकडे खारा वारा वाहू लागतो, जो या ऋतूत वायव्येकडून, म्हणजे आमच्या पाठीमागून उजव्या हाताने येतो. गलबतांचा सगळा व्यवहार अशाच हिशेबावर चालत असे. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र निवळू लागला की ती पाण्यात उतरत आणि पावसाळ्याआधी पुन्हा किनाऱ्यावर ओढली जात. हा हिशेब सुटला की काय होते ते रेवसच्या वाटेवर आठवल्याशिवाय राहत नाही: 17 जुलै 1947 रोजी, ऐन पावसाळ्यात, मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट तिथेच बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. पूर्वेला तो भाग दिसू लागला तेव्हा आम्ही सगळेच काही वेळ गप्प होतो.

प्राँग्जचे दीपगृह मागे टाकले की दक्षिणेला खांदेरी दिसू लागते. 1679 साली शिवाजी महाराजांनी या बेटावर बांधकाम सुरू केले तेव्हा ते थांबवण्यासाठी इंग्रजांनी मुंबईहून जहाजे धाडली, आणि तरीही ते थांबले नाही, एवढे आपण शाळेत वाचले होते. इंग्रजांना या लहानशा बेटाची इतकी धास्ती का वाटावी, हे मात्र मला आत्ता उमगले. दक्षिणेकडून मुंबईच्या बंदरात येणारे जहाज या बेटाच्या नजरेतून सुटूच शकत नाही. जलदुर्गांच्या जागा पाण्यावरून पाहिल्या की त्या निवडणाऱ्या माणसाची दृष्टी कळते, आणि मला वाटते की ती दुसऱ्या कोणत्याही मार्गाने इतकी स्पष्ट कळत नाही.

तुझ्या प्रश्नाचे माझे उत्तर इथूनच सुरू होते. आपण आजवर कोकणातल्या गावांत घाट उतरून गेलो, म्हणजे दर वेळी परसदाराने आत शिरलो. ही गावे समुद्राकडे तोंड करून वसलेली आहेत, आणि समोरून आल्यावरच त्यांची मांडणी ध्यानात येते. सावित्रीच्या मुखाशी बाणकोट आणि वर महाड. वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळ आणि वर चिपळूण. शास्त्रीच्या मुखाशी जयगड आणि वर संगमेश्वर. वाघोटनच्या मुखाशी विजयदुर्ग आणि वर खारेपाटण. प्रत्येक खाडीला दोन टोके आणि प्रत्येक टोकाला एक गाव. भरतीच्या पाण्याबरोबर होड्या आत जात, पाणी संपेल तिथे माल उतरे आणि तिथून बैलांच्या पाठीवरून घाट चढे. चिपळूणहून कुंभार्ली घाटाने कराडला जाणारा माल दाभोळलाच बोटीवर चढत वा उतरत असणार, हे नकाशावर बोट ठेवून सांगता येते. पण भरतीचे पाणी नावेला धरून स्वतःच आत ओढू लागते तेव्हा त्यासाठी नकाशाची गरज उरत नाही.

दाभोळला आम्ही दोन मुक्काम केले. खाड्यांच्या तोंडाशी नदीचा गाळ आणि समुद्राच्या लाटा मिळून वाळूचे दांडे घालतात, त्यामुळे आत शिरायचे ते चढत्या भरतीलाच. चुकून नाव रुतली तरी पुढचे पाणी तिला उचलते. दाभोळ हे बहमनी आणि मग विजापूरच्या काळातले मोठे बंदर, ज्याला 1508 साली पोर्तुगीजांनी आग लावली. आज तिथे किनाऱ्याला लागून सतराव्या शतकातली घुमटाची मशीद उभी आहे, समोर धोपाव्याला गाड्या घेऊन जाणारी फेरीबोट ये-जा करते, आणि गाव शांत आहे. तुझ्या आजी सांगत असत ना, की त्या लग्न होऊन आल्या तेव्हा मुंबईची आगबोट आत न येता बाहेर उभी राहिली आणि त्यांना पडावात, म्हणजे किनाऱ्यावर नेणाऱ्या लहान होडीत, उतरवून घेतले? पदर सांभाळत हलत्या पडावात पाऊल टाकण्याचा तो प्रसंग त्या किती रंगवून सांगायच्या! बोट जिथे उभी राहत असेल त्या पाण्यावरून आम्ही गेलो तेव्हा मी त्यांची आठवण काढली. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला: त्या आगबोटीचे थांबे हेच आमचेही थांबे आहेत, कारण आसऱ्याच्या जागा शतके उलटली तरी त्याच राहतात.

त्याआधी हर्णैला संध्याकाळी पोहोचलो. सुवर्णदुर्ग आणि किनारा यांच्यामधल्या पाण्यात मच्छीमारांच्या नौका दाटीने उभ्या होत्या आणि पुळणीवर मासळीचा लिलाव ऐन रंगात होता. सुरमई, पापलेट, कोळंबी यांचे ढीग, त्यांभोवती बायकांचे कडे, आणि बोली इतकी वेगाने चालते की नवख्याला कोण किती बोलले हेही समजत नाही. मात्र किल्ल्याकडे पाहताना मन जड होते. तेव्हा तो आंग्र्यांच्या ताब्यात होता; एप्रिल 1755 मध्ये इंग्रजांच्या आरमाराचा अधिकारी कमोडोर जेम्स याच्या तोफांनी तो पाडला, आणि जेम्स आला होता पेशव्यांचा मित्र म्हणून. पुढच्याच फेब्रुवारीत विजयदुर्गाखाली कान्होजी आंग्र्यांचा मुलगा तुळाजी याचे सबंध आरमार जळाले, तेही पेशवे आणि इंग्रज यांच्या संयुक्त मोहिमेत. तुळाजी पेशव्यांना जुमानत नव्हता, हे खरेच आहे. तरीही कान्होजींपासून उभे राहत आलेले आरमार आपल्याच संमतीने परक्याकडून जाळून घेणे ही मला मराठ्यांच्या इतिहासातली सर्वांत महाग चूक वाटते. त्या पाण्यावर तरंगताना ही गोष्ट पुस्तकात वाचण्यापेक्षा कितीतरी अधिक सलते. तू याला विरोध करशील हे मला ठाऊक आहे, आणि तो वाद समोरासमोर बसून घालायला मला आवडेल.

रत्नागिरीत टिळकांचे जन्मस्थान पुन्हा पाहिले आणि थिबा राजवाड्यावर गेलो. ब्रह्मदेशाचा तो राजा 1886 साली इथे आणला गेला, 1910 साली हा राजवाडा बांधून झाला आणि 1916 साली तो इथेच वारला. स्वतःचा देश समुद्रापलीकडे असताना तीस वर्षे परक्या समुद्राकडे पाहत राहणे कसे असेल, हा विचार नावेवर परतल्यावरही सुटेना.

उद्या पहाटे मतलई वाऱ्याबरोबर निघून विजयदुर्ग गाठायचा आहे. तिथून गिर्ये इथली आंग्र्यांच्या काळातली गोदी पाहायची, जिथे खडक फोडून गलबतांसाठी जागा केलेली आहे. मग देवगड, आणि त्यानंतर मालवण. मालवणच्या बंदराबाहेर पाण्याखाली खडक इतके पसरलेले आहेत की स्थानिक तांडेल, म्हणजे तिथले पाणी जाणणारा नाखवा, सोबत घेतल्याशिवाय आत जायचे नाही असे आम्ही ठरवले आहे. 1664 साली महाराजांनी सिंधुदुर्गासाठी तीच जागा का धरली, याचे उत्तर त्या खडकांतच आहे. पुढे दक्षिणेकडे भरती-ओहोटीचा फरक कमी होत जातो. मुंबईला उधाणात पाणी 4 मीटरांहून अधिक चढते-उतरते, तर गोव्यात ते 2 मीटरांच्या आसपास राहते, त्यामुळे वेंगुर्ल्यानंतर वेळेची ओढाताण कमी होईल.

आमच्यापैकी एकाला मालवणहून घरी परतावे लागणार आहे, म्हणजे चौथी जागा रिकामी होते. तू रेल्वेने कुडाळला उतर, तिथून मालवण फार दूर नाही. गरम कपडा, कान झाकणारी टोपी आणि रबरी तळाचे बूट आण. बाकी सगळे नावेवर आहे. तुला समुद्र लागतो हे मला माहीत आहे, पण सकाळचे पाणी खरोखरच शांत असते आणि त्या वेळी आपण वेंगुर्ल्याचे खडक डावलून तेरेखोलपर्यंत पोहोचू. येण्याचे नक्की झाले की रत्नागिरीच्या पत्त्यावर न लिहिता फोन कर, कारण हे पत्र तुला मिळेपर्यंत आम्ही इथून हललेले असू.

काकांना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार आणि मुलांना आशीर्वाद सांग. कळावे, लोभ असावा ही विनंती.

तुझा मित्र