पाण्याची वाट दाखवणाऱ्या आप्पांना

ती. आप्पा,

रामराम. हे पत्र तुमच्या नातवाच्या मोबाईलवर पाठवतेय, त्याच्याकडून वाचून घ्या. चार लोकांनीही वाचावं म्हणून उघडंच लिहिलंय. धुळे जिल्ह्यात पांझरा नदीकाठी आमच्यासारखी दगडी घरं अजून बरीच उभी आहेत, पण ती कशी चालायची हे सांगणारे तुमच्यासारखे पाटकरी, म्हणजे पाटाचं पाणी शेतोशेती सोडणारे, आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत.

वाटणीच्या वेळी घरावरून आम्हा भावंडांत वाद नव्हता. पाच खणांचं काळ्या दगडाचं घर, दोन हात रुंद भिंती, सागाच्या तुळया, वर खाऱ्या मातीचं धाबं, म्हणजे सपाट छप्पर. मे महिन्यात पारा 42च्या वर गेला तरी माजघरात पंख्यावाचून झोप लागते. ते ठेवायचंच होतं. मागची बाग मात्र विकायला काढली होती. बाग तरी कसली, बाभळीचं रान, दोन म्हातारे आंबे, एक कवठ आणि पडका गडगा. कांद्याच्या चाळीसाठी गिऱ्हाईक आलं होतं, टेप लावून मोजणी सुरू होती, आणि तुम्ही सहज म्हणून काठी टेकत आत आलात.

गडग्याच्या बुडाशी एक भोकाचा दगड आहे. आम्ही त्याला सांडपाण्याची मोरी समजायचो. तुम्ही वाकून त्यात बोटं घातलीत आणि म्हणालात, "हाई मोरी नही शे माय. पानी आठून मझार ये." म्हणजे ही मोरी नव्हे, पाणी इथून आत येतं. मग मलाही हात लावायला लावलात. दगडाची खालची कड आतल्या बाजूने घोटून गुळगुळीत झालेली, बाहेरच्या बाजूला मात्र टाकीचे घाव अजून जसेच्या तसे. पाणी आत पडत होतं म्हणून आतली कड झिजली. हे समजायला शिक्षण लागत नाही, उभं आयुष्य पाण्यामागे चालावं लागतं.

फावडं मागवून तुम्ही वीतभर माती काढलीत आणि खाली चुन्यात बसवलेल्या फरशांची चारी, म्हणजे पाणी न्यायची छोटी वाट, निघाली. ती आधी आंब्यांकडे जाते, मग कवठाकडे, तिथून भाजीच्या वाफ्यांत, आणि उरलेलं पाणी पुन्हा गावाच्या पाटाला मिळतं. थेंब वाया नाही. त्या संध्याकाळी ओट्यावर बसून तुम्ही फडाचं, म्हणजे गावाने पाणी वाटून घ्यायच्या जुन्या पद्धतीचं, सगळं सांगितलंत. गावातल्या पोरांना ते आता परीकथेसारखं वाटतं, म्हणून इथे थोडं लिहून ठेवते.

पिंपळनेरकडच्या डोंगरात उगम पावून मुडावदजवळ तापीला मिळेपर्यंत पांझरेवर जागोजाग बंधारे आहेत. काहींना 300 वर्षं तरी झाली असतील. बंधाऱ्यातून पाट निघतो, पाटाच्या चाऱ्या होतात, आणि पाणी उताराने आपोआप शेतात जातं, मोट नाही की इंजिन नाही. भिजणाऱ्या जमिनीचे फड पाडलेले आणि एका फडात एकच पीक. बहुतेक प्रत्येक शेतकऱ्याचा तुकडा प्रत्येक फडात असायचा. त्यामुळे ज्या साली नदीला पाणी कमी, त्या साली एखादा फड कोरडा ठेवायचा आणि तोटा सगळ्यांनी वाटून घ्यायचा. दार उघडायचं, दार बांधायचं ते पाटकऱ्यानेच. स्वतःच्या शेतासाठीही मालकाने पाण्याला हात लावायचा नाही. आजच्या बोअरवेलच्या जमान्यात हा नियम कोणी मानेल असं मला वाटत नाही, असो.

आमच्या घराचा यातला वाटा मात्र मला तुमच्याकडूनच पहिल्यांदा कळला. फडाची बैठक आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या ओट्यावर भरायची, म्हणून ओटा घराच्या मानाने एवढा लांब. बैठकीला आलेल्यांचं चहापाणी आणि बारा महिने पाटकऱ्यांची भाकरी घराकडे, त्याच्या बदल्यात पाण्याची रात्रीची एक पाळी बागेला. आजोबांनी हे कधी सांगितलं नाही, कागदावरही कुठे नाही. त्या पाळीचं पाणी तुमच्या वडिलांनी सोडलं, पुढे तुम्ही सोडलंत.

जाता जाता तुम्ही धाब्याकडे काठी दाखवलीत. सगळी पन्हाळं बागेच्या अंगाला, गल्लीकडे एकही नाही. मृगाआधी धाब्यावर नवी खारी पडायची आणि पावसाचं पाणी खालच्या चारीला लागायचं. इतकी वर्षं त्या पन्हाळांखाली आम्ही बादल्या लावल्या, पण ती सगळी एकाच बाजूला का, हे कोणी विचारलं नाही.

आमच्याकडे पाहुणे येतात ते मोबाईल काढून पहिल्यांदा दाराच्या नक्षीचा फोटो घेतात. तसली दारं प्रत्येक जुन्या वाड्याला सापडतील. दगडाचंही कौतुक किती करायचं? साक्री तालुक्यात माळावर मैलोन्‌मैल भिंतींसारख्या उभ्या दगडी रांगा आहेत. तप्त रस जमिनीच्या भेगांत शिरून थिजला, त्याचे हे दगड. बैलगाडी जाईल तिथून ते आणले. सरकारदरबारी स्मारक ठरायचं तर प्राचीन स्मारकांच्या 1958च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे किमान 100 वर्षं लागतात. वय आमच्या घराकडे आहे, पण इथे ना कोणी राजा उतरला ना कसली लढाई झाली, तेव्हा कुठल्या यादीत नाव येईल अशी आशा नाही. माझ्या मते या घराचं मोल त्या भोकाच्या दगडात, चारीत आणि ओट्याच्या लांबीत आहे. गावाने पाणी कसं वाटून घेतलं ते इथे दगडात दिसतं. बाग विकली असती तर उरलं असतं नुसतं जुनं घर.

बाग विकली नाही. धाकटा भाऊ दोन दिवस घुम्यासारखा बसला, मग त्यानेच गिऱ्हाइकाला फोन केला. चारी पूर्ण मोकळी केली आहे. गवंड्याने सिमेंटची गोणी आणली तेव्हा तुम्ही ती परत पाठवलीत, तेही बरंच झालं. सिमेंटच्या दरजांतून ओल बाहेर पडत नाही, ती मागे साचते आणि दगडाला लोणा, म्हणजे क्षार, लागतो. चुना वाळायला वेळ घेतो पण ओल जाऊ देतो. पाटाला आमच्याकडे आता पाणी नाही, ते मी लपवत नाही. या पावसाळ्यात चारी धाब्याच्या पाण्यावर चालली, आंब्यांपर्यंत पोचली, कवठापर्यंत नाही.

तुम्ही सांगितलेलं सगळं नकाशावर उतरवून एक प्रत ग्रामपंचायतीत दिली आहे. त्यावर माहिती देणारे म्हणून तुमचं नाव आहे. पैसे घेतले नाहीत, टोपी-उपरणंही नको म्हणालात, तेव्हा निदान हे तरी राहू द्या.

आणि एक काम अडलंय. तिसऱ्या वाफ्याजवळ पाणी अडवायचा आडवा दगड सापडला, पण तो कुठल्या अंगाने बसतो यावर गवंड्याचं आणि भावाचं जमत नाही. या आखाजीला या, नातवालाही आणा. पुरणपोळी आणि आमरस आहेच.

तुमची,
दगडी घराची लेक