मनगटाला सुट्टी

बेळगाव, रविवार

प्रिय गड्या,

गणपतीनंतर एक ओळ लिहिली नाही, रागावला असशील. आईचे गुडघे तसेच, बाकी ठीक. लिहायला बसलोय ते आपल्या धाकट्यासाठी. टँकवर सूर मारून त्याचं मनगट दुखतंय आणि तो कुणाला सांगत नाही. जमिनीवर तळवा टेकून उठताना हात मुठीवर घेतो, तेवढ्यावरून कळलं.

सूर मारताना पाणी पहिलं लागतं ते तळव्यांना. एका हाताने दुसरा पकडलेला, तळवा सपाट पाण्याकडे, मनगट मागे मोडलेलं, कोपर ताठ, दंड कानाला घट्ट. 10 मीटरवरून पाण्याशी वेग ताशी 50 किलोमीटर, 5 मीटरवरून 36. उंची अर्धी केली म्हणून वेग अर्धा होत नाही, हे पोराला पटेल तर शपथ! कोपर सैल पडलं की धक्का खांद्यात जातो, मान उचलली की तोंडावर चापट. आठवडाभर टँकवर हे करायचं आणि सुट्टीला परत विहिरीवर मुटके मारायला जायचं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की खालचा कातळ किती जवळ येतो, तुला सांगायला नको.

त्याला टॉम डेली दाखवला, ब्रिटनचा सूर मारणारा. 2008 ला 14 व्या वर्षी बीजिंग ऑलिंपिकला, पुढच्या वर्षी रोमला विश्वविजेता, सुवर्ण मात्र टोकियोत 2021 ला, जोडीदार मॅटी लीबरोबर. पाचवं ऑलिंपिक पॅरिसचं, तिथे रौप्य. आणि टोकियोत प्रेक्षकांत बसून हा माणूस विणत होता! पदकासाठी पिशवीसुद्धा त्यानेच विणली. अंग स्वस्थ, डोकं टाक्यांत.

विणकाम बायकांचं म्हणून तू माझ्याशी भांडला होतास. अरे, वडगावात तुझे आजोबा मागावर बसायचे ते काय करत होते?

पण सुयांनीही मनगट वापरलं जातं. म्हणून दुखणं उतरेपर्यंत सुया नाहीत, सूरही नाही, नुसत्या पाय मारायच्या फेऱ्या. मग जाड लोकर, 5 मिलिमीटरच्या सुया, 20 टाके, नुसते सुलट. पंधरा मिनिटं झाली की खाली ठेवायचं. टाके आवळून घातले तर बोटं आखडतात, ते वहिनींनी समोर बसून दाखवावं.

तुझ्या मागाची मोटर झाली का दुरुस्त? लेकीची परीक्षा कधी? रविवारी येताना वहिनींना घेऊन ये, सुयाही आण. धाकट्याला मनगटाचं तूच विचार, माझ्यासमोर तो हात खिशात घालतो.

तुझाच