सुळका बंद नको, नियम हवेत

महोदय,

पावसाळा सरला की पनवेलजवळच्या कर्नाळा किल्ल्यावर वर्दळ वाढते. त्यातले काही जण दोर लावून माथ्यावरचा सुळका चढतात. हा किल्ला पक्षी अभयारण्यात आहे, याचा मात्र सगळ्यांनाच सोयीस्कर विसर पडतो. सुळक्याच्या कपारींत आग्यामाश्यांची पोळी लटकतात. तिथे आरडाओरडा केला तर खाली उभ्या असलेल्या सहलीच्या पोरांवरही बेतते.

दुसरा प्रश्न बोल्टचा, म्हणजे दोर अडकवण्यासाठी कातळात ठोकलेल्या धातूच्या खुंट्यांचा. कोकणातला पाऊस आणि खारी हवा साध्या लोखंडाला टिकू देत नाही. जुन्या बोल्टखाली कातळावर तांबूस ओघळ उतरलेला दिसतो. बाहेरचे डोके शाबूत असते, आत किती उरले हे वजन टाकल्यावरच कळणार! त्यामुळे नवा बोल्ट ठोकायचा तर वनखात्याला विचारूनच, आणि तोही स्टेनलेस स्टीलचा. जुना गंजका बोल्ट आधी काढावा.

सरसकट बंदीने काही साधत नाही. लोक चोरून चढतात आणि अपघात झाला की धावपळ वनरक्षकांची होते. अमेरिकेत योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात बहिरी ससाण्याच्या विणीच्या काळात, १ मार्च ते १५ जुलै, घरटी असलेले कडेच तेवढे बंद ठेवतात. बाकीचे खुले. आपल्या सह्याद्रीतला शाहीन हा त्याच ससाण्याचा भाऊबंद. वनखात्याने पक्षीनिरीक्षक आणि गिर्यारोहण संस्थांना एकत्र बसवून असे वेळापत्रक ठरवावे आणि ते अभयारण्याच्या फाटकावर ठळक लावावे.

– एक गिर्यारोहक, पनवेल