मोजलंच नाही, मग आम्ही 'नगण्य' कसे ठरलो?

मा. आरोग्यमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

आपल्या खात्याचं दोन ओळींचं पत्र मिळालं. उत्तर आलं हेच विशेष, त्याबद्दल आभारी आहे. मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस, म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती मेंदूवर आणि मज्जारज्जूवर उलटते तो आजार) आणि त्याच्या जातकुळीतल्या ऑटोइम्यून मज्जाविकारांच्या रुग्णांची राष्ट्रीय नोंदवही, तिच्या जोडीला रक्तनमुन्यांचा साठा आणि संशोधनासाठी स्वतंत्र निधी, अशी घोषणा आपण गेल्या ३० मे रोजी, जागतिक एमएस दिनाच्या व्यासपीठावरून केली होती. सभागृहात मीही होते. टाळ्या मीही वाजवल्या. आता खातं कळवतं की 'रुग्णसंख्या नगण्य असल्याने सदर प्रस्ताव तूर्त स्थगित ठेवण्यात येत आहे'.

मी पेशाने लेखापरीक्षक. होते, म्हणायला हवं. म्हणून जुन्या सवयीने विचारते: रुग्ण मोजण्यासाठी नोंदवही हवी होती. नोंदवही झालीच नाही, म्हणजे मोजदाद झाली नाही. मग 'नगण्य' हे कुणी ठरवलं, कोणत्या कागदावरून? रिकामा रकाना वेगळा आणि शून्य वेगळं. रिकाम्या रकान्यात शून्य भरून खाली सही ठोकणाऱ्याला आमच्या कचेरीत मेमो मिळायचा. आपल्या खात्यात बहुधा बढती मिळते.

जगभरात एमएसचे रुग्ण २८ लाखांच्या वर आहेत, असं २०२० सालची आंतरराष्ट्रीय पाहणी सांगते. हा आकडा जिथे नोंदी ठेवल्या जातात तिथून बांधत आणलेला. जिथे ठेवतच नाहीत, तिथले लोक त्यात किती आले असतील याचा अंदाज आपणच करा. पुरुषांच्या दुपटीहून अधिक बायका, आणि आजार गाठतो तो साधारण विशी ते चाळिशीत. शिक्षण, नोकरी, बाळंतपण, कर्जाचे हप्ते, सगळं ऐन भरात असताना. शिवाय या २८ लाखांत माझ्यासारखे नाहीतच. कारण मला एमएस नाही. मला एमएस 'होता', मग कळलं की नव्हता. हे नीट सांगते, कारण संशोधन म्हणजे प्रयोगशाळेतल्या हुशार मंडळींचा छंद, असा आपल्या खात्याचा समज दिसतो.

माझ्या आजाराची सुरुवात उचक्यांनी झाली. हसू येईल, सगळ्यांनाच आलं होतं. दिवसरात्र उचक्या आणि ओकाऱ्या, पाणीसुद्धा टिकेना. पोटाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घातली, अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या दिल्या, पोटात काही नाही म्हटल्यावर 'टेन्शन घेऊ नका' म्हणाले आणि शेवटी मानसोपचाराची चिठ्ठी लिहून दिली. मग उचकी जशी आली तशी थांबली. सगळे खूश. बिघाड पोटात नव्हताच. मेंदूच्या देठाशी ओकारीचं केंद्र असतं, तिथल्या पेशींवर माझ्याच प्रतिकारशक्तीने हल्ला केला होता. न थांबणारी उचकी आणि ओकारी हे न्यूरोमायलायटिस ऑप्टिका (एनएमओ) या आजाराचं ओळखीचं लक्षण आहे, निदानाच्या निकषांत ते लिहिलेलं आहे. ओळखीचं, पण ज्याला ओळख करून दिली आहे त्याला.

त्यानंतर उजवा डोळा. आधी बुबुळ हलवलं की ठणका, मग लाल रंग विटकरी दिसायला लागला, मग मधोमध राखाडी धब्बा, मग काहीच नाही. एमआरआय झाला, पाठीतून पाणी काढलं, सलाइनमधून स्टिरॉइड दिलं. निदान: एमएस. इंटरफेरॉनची इंजेक्शनं सुरू झाली. मी शहाण्या मुलीसारखी ती टोचून घेत राहिले आणि एका सकाळी कमरेखालचं अंग माझं राहिलं नाही. मज्जारज्जूला लागोपाठ तीन मणक्यांहून लांब सूज होती. एमएसमध्ये डाग सहसा आखूड असतात. एवढा लांब पट्टा दिसला की शंका एनएमओची. तेव्हा कुठे कुणीतरी अ‍ॅक्वापोरिन-४ प्रतिपिंडाची (एनएमओमध्ये आपल्याच पेशींवर उलटणाऱ्या अँटिबॉडीची) रक्ततपासणी लिहून दिली. पॉझिटिव्ह. आणि मग समजलं की एनएमओमध्ये इंटरफेरॉनचा उपयोग तर नाहीच, उलट त्याने आजार चेकाळू शकतो.

हा प्रतिपिंड मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २००४ साली शोधून काढला. एमएस आणि एनएमओ हे निराळे आजार आहेत, हे त्यावर पक्कं झालं. म्हणजे माझा डोळा गेला तेव्हा हे ज्ञान नवीन राहिलं नव्हतं. रक्ताची एक तपासणी, मंत्रिमहोदय. एनएमओमध्ये अपंगत्व येतं ते मुख्यतः अटॅकमधून. एकेक अटॅक जे नेतो, त्यातलं पुष्कळसं परत देत नाही. डॉक्टरांवर माझा राग नाही, म्हणजे फारसा नाही. बाहेर शंभर माणसं ताटकळत असताना एका रुग्णाला जितकी मिनिटं मिळतात, तितक्यात दुर्मीळ आजार कुणाला सुचणार?

आता 'रुग्ण थोडे, मग संशोधन कशाला' या युक्तिवादाकडे येते. जपानमध्ये एनएमओच्या ३८ रुग्णांवर रिटुक्सिमॅब या औषधाची चाचणी झाली, निष्कर्ष २०२० साली छापून आले. निम्म्यांना औषध, निम्म्यांना नुसतं तसंच दिसणारं पाणी. पाण्यावाल्या १९ जणांतल्या ७ जणांना अटॅक आला, औषधवाल्यांत एकालाही नाही. ३८ माणसं! आपल्या आढावा बैठकीत याहून जास्त लोक नुसते फायली धरून उभे असतात.

रिटुक्सिमॅब हे १९९७ सालचं, मुळात रक्ताच्या कर्करोगाचं औषध. त्याचं पेटंट संपलेलं. एमएसवर ते चालतं का, हे मोठ्या चाचणीतून सिद्ध करण्यात कोणत्या कंपनीला रस असणार? स्वीडनमध्ये सरकारी संशोधन निधीतून ती चाचणी झाली. सुमारे २०० रुग्ण, दोन वर्षं. एमएसच्या एका प्रचलित गोळीवर १६ टक्के लोकांना पुन्हा अटॅक आले, रिटुक्सिमॅबवर ३ टक्के. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एमएसची औषधं पहिल्यांदाच अत्यावश्यक यादीत घेतली. तीन घेतली, त्यात हे आहे. एनएमओसाठी रीतसर मान्यता मिळालेलं पहिलं औषध आलं २०१९ मध्ये, इक्युलिझुमॅब. गुण चांगला, पण जगातल्या सर्वांत महाग औषधांच्या पंक्तीतलं. स्वस्त औषधांचे प्रश्न सरकारने विचारायचे असतात, कारण दुसरं कुणी विचारत नाही. आणि आपण तर यंत्रांच्या खरेदीत गुंतलेले. एमआरआयच्या यंत्राला फीत बांधता येते, कापता येते, फोटो निघतो. नोंदवहीला फीत कुठे बांधणार?

रक्तनमुन्यांच्या साठ्याला आपल्या अधिकाऱ्याने मला फोनवर 'चैन' म्हटलं. त्यांच्यासाठी एक गोष्ट. अमेरिकेच्या लष्कराने सैनिकांचं रक्त एचआयव्हीच्या तपासणीसाठी वेळोवेळी घेतलं आणि उरलेलं फेकून न देता गोठवून ठेवलं. एक कोटीहून अधिक माणसांच्या नोंदी. त्यांतल्या ९५५ जणांना सेवेच्या काळात एमएस झाला. हार्वर्डच्या संशोधकांनी जुने नमुने काढून तपासले तर दिसलं की एपस्टाइन-बार विषाणूचा संसर्ग झाल्यावर एमएसचा धोका ३२ पट वाढतो. ज्यांचे नमुने मिळाले त्या ८०१ रुग्णांपैकी फक्त एकाला एमएसपूर्वी तो संसर्ग झालेला नव्हता. जानेवारी २०२२ मध्ये हे प्रसिद्ध झालं. शार्को या फ्रेंच डॉक्टरने १८६८ साली या आजाराचं चित्र स्पष्ट मांडलं, तेव्हापासून कारणाचा शोध चालू होता. त्यात इतका ठोस धागा हाती लागला तो शीतपेटीत कुणीतरी बाटल्या ठेवल्या म्हणून. हा विषाणू बहुतेक सगळ्या प्रौढांच्या अंगात असतो. मग एमएस मोजक्यांनाच का, हा पुढचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर एकाच देशाच्या सैनिकांच्या रक्तात मिळेल असं नाही. डेन्मार्कसारखा लहान देश १९५६ पासून एमएसची नोंदवही चालवतो आहे. त्यांच्याकडे रुग्ण 'गण्य' असावेत.

खरं सांगू का, नोंदवही हे निमित्त आहे. आजारी माणूस या व्यवस्थेला मोजायचाच नसतो, कारण मोजला की त्याचं काहीतरी करावं लागतं. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी गेले तेव्हा खिडकीतल्या गृहस्थांनी विचारलं, 'तुम्ही तर चालताय की!' होय, त्या दिवशी चालत होते. थकव्याला, मुतायला दहा मिनिटं उशीर झाला तर होणाऱ्या फजितीला, बोटांत सतत वाजणाऱ्या मुंग्यांना त्यांच्या अर्जात रकाना नाही. विमावाले म्हणाले, आजार आधीपासूनचा. नोकरीवाले म्हणाले, तुम्ही विश्रांती घ्या, आणि जागा भरून टाकली. प्रत्येकाकडे नियम आहे आणि प्रत्येकाचा नियम दुसऱ्याच्या दाराकडे बोट दाखवतो. आपण निवडून येता, समिती नेमता, समिती अहवाल देते, अहवालाचा अभ्यास करायला समिती नेमली जाते. तोवर प्रोग्रेसिव्ह, म्हणजे हळूहळू वाढतच जाणाऱ्या एमएसवाला मनुष्य काठीवरून चाकाच्या खुर्चीवर आणि खुर्चीवरून पलंगावर पोचलेला असतो. त्याच्यासाठी आजही औषधं जवळपास नाहीत. तिथेच संशोधन सर्वांत जास्त हवं आणि तिथेच सर्वांत कमी चमकतं.

मागण्या थोड्या आहेत. स्थगितीचा आदेश मागे घ्या. नोंदवहीत एमएसबरोबर एनएमओ आणि मॉग प्रतिपिंडाचा आजार (याच जातकुळीतला तिसरा) वेगळे नोंदवा, एका पोत्यात कोंबू नका. डोळ्याची नस किंवा मज्जारज्जू सुजून आलेल्या ज्या रुग्णाच्या बाबतीत एनएमओची शंका येऊ शकते, त्याची प्रतिपिंड तपासणी सरकारी खर्चाने, इंटरफेरॉन सुरू करण्याआधी झाली पाहिजे. आणि पेटंट संपलेल्या औषधांच्या चाचण्यांना पैसे द्या. हे जमणार नसेल तर 'नगण्य' कुठल्या आकड्यावरून आलं तो कागद दाखवा.

चर्चेला बोलावलंत तर येईन, आपल्या खात्याचा हिशेबही फुकट तपासून देईन. फक्त लिफ्ट चालू असलेल्या इमारतीत बोलवा, आणि दुपारी नको. अंग तापलं की उरलेला डोळाही धूसर होतो.

आपली,
खात्याच्या लेखी नसलेली एक रुग्ण