मुलांचं अर्धवट ॲनिमेशनसुद्धा कोणीतरी बघू दे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी बरीच वर्षं ॲनिमेशन शिकवते आणि एक गोष्ट दर बॅचला दिसते म्हणून आज लिहायला बसले. सुरुवातीला मुलं रात्र रात्र जागून बाउन्सिंग बॉल करतात, पिठाच्या पोत्याला उड्या मारायला लावतात, सगळं मजेत चाललेलं असतं, आणि मग वॉक सायकल (पात्राच्या चालण्याची परत परत फिरणारी पावलं) आणि लिपसिंक (आवाजाबरोबर ओठ हलवणं) आलं की एकेक जण गळायला लागतो. टॅलेंट नसतं असं अजिबात नाही. हिशेबच बघा ना, एका सेकंदाला २४ फ्रेम, एक ड्रॉइंग दोन फ्रेमला धरलं तरी १२ ड्रॉइंग, म्हणजे अकरा सेकंदांच्या छोट्याशा सीनला १३२ ड्रॉइंग, आणि एवढं सगळं करून ते बघणार कोण तर फक्त मी, मी मार्क देणार आणि फाइल हार्ड डिस्कमध्ये जाऊन पडणार. गाणं शिकणाऱ्याचा रियाज निदान घरातल्यांच्या कानावर तरी पडतो, या मुलांचं काम कोणाच्या नजरेलाच पडत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की जिथे ॲनिमेशन करणारी माणसं आपापलं काम टाकतात आणि एकमेकांचं बघतात अशा ऑनलाइन कम्युनिटीत मुलांना पहिल्या टर्मपासूनच न्यायला हवं, आणि तेही शिक्षकाने सोबत राहून. आपल्याकडे उलटं चालतं, आधी पोर्टफोलिओ पूर्ण करा, चकाचक करा, मग जगाला दाखवा. तोपर्यंत अर्धी मुलं मनाने बाहेर पडलेली असतात.

माझ्या एका विद्यार्थिनीचं सांगते. तिचा वॉक सायकल तीन आठवडे अडकला होता, मी सांगून थकले, ती ऐकून थकली. शेवटी म्हटलं, रफच टाक, क्लीनअप करून रेषा साफ करत बसू नकोस. तिने घाबरत घाबरत टाकला आणि दुसऱ्या दिवशी कोणा अनोळखी माणसाने लिहिलं होतं की पाय छान उचलतेस पण ज्या पायावर वजन आहे तिकडे कंबर सरकतच नाहीये, म्हणून बाई तरंगल्यासारखी वाटते. हेच मी तिला वर्गात दहा वेळा सांगितलं होतं, खरंच सांगितलं होतं, पण ज्याला मार्क द्यायचे नाहीत, ज्याचं तिच्याकडे काही काम नाही अशा माणसाने थांबून फ्रेम फ्रेम बघितलं याचा तिच्यावर जो परिणाम झाला तो माझ्या सांगण्याचा होणं शक्यच नव्हतं. त्या आठवड्यात तिने तो सायकल चार वेळा परत केला, कोणी न सांगता.

यात मला सगळ्यात आवडलेली रीत म्हणजे इलेव्हन सेकंड क्लब या ऑनलाइन ॲनिमेशन स्पर्धेची. महिन्याच्या सुरुवातीला सगळ्यांना एकच संवादाची क्लिप मिळते, साधारण अकरा सेकंदांची, महिनाभर ज्याने त्याने आपल्या परीने त्यावर ॲनिमेशन करायचं, मग सदस्यच एकमेकांना मार्क देतात, आणि जिंकणाऱ्याला बक्षीस म्हणजे अनुभवी ॲनिमेटरने त्याच्या शॉटची केलेली चिरफाड. हे बक्षीस मला फार शहाणपणाचं वाटतं. आणि आवाज तोच असल्यामुळे मुलाला कळतं की ज्या शब्दावर मी हात वर नेला तिथे दुसऱ्याने फक्त भुवई हलवली आणि ती जास्त बोलली. हे पुस्तकातून शिकवताच येत नाही.

न्यूग्राउंड्स या ॲनिमेशन आणि गेम टाकायच्या वेबसाइटची पद्धत जरा कडक. तिथे नवीन काम आलं की सदस्य मत देतात आणि फारच कमी गुण पडले तर ते काढूनच टाकलं जातं. कोवळ्या मुलाला पहिल्याच दिवशी तिथे ढकलू नये असं माझं मत आहे. पण तिथली कोलॅबची परंपरा, म्हणजे एक विषय घेऊन दहा-वीस जणांनी थोडे थोडे सेकंद करायचे आणि सगळं जोडून एक फिल्म करायची, ती वर्गात जरूर आणावी कारण आपल्यामुळे दुसऱ्याचं काम अडतंय म्हटल्यावर आळशी मूलसुद्धा वेळेत देतं. शाळकरी मुलांसाठी अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात तयार झालेलं स्क्रॅच आहे, २००७ पासून, ठोकळे जोडून गोष्टी आणि गेम बनवायचं, तिथे दुसऱ्याचा प्रोजेक्ट घेऊन बदलला की मूळ कोणाचा ते आपोआप दिसतं, त्यामुळे श्रेय द्यायची सवय लहानपणीच लागते.

माझी एक चूकही सांगायला हवी. एका वर्षी मी उत्साहात नियम केला की जास्त लाइक मिळवणाऱ्याला जास्त मार्क. महिन्याभरात वर्गाचा नूर बदलला, मुलांनी मित्रांकडून लाइक गोळा केले, टायमिंग-स्पेसिंग, म्हणजे हालचाल किती वेळात आणि किती अंतराने होते ते, राहिलं बाजूला आणि सगळे दोन सेकंदांचे विनोदी तुकडे करायला लागले, आणि ज्या मुलाने जीव ओतून काम केलं होतं त्याला कोणी बघितलंच नाही, तो आठवडाभर वर्गात आला नाही. ते मला अजून लागतं. तेव्हापासून आकड्याचा उल्लेखसुद्धा करत नाही. आता आधी पाच जणांच्या गटात दाखवायचं, मग बाहेर. आणि एक टाकायच्या आधी दुसऱ्यांच्या तीन कामांवर लिहायचं, नुसतं 'मस्त' नाही, फ्रेम नंबर देऊन लिहायचं, की ४२व्या फ्रेमला हात अडकतोय, ब्रेकडाउन (दोन मुख्य पोझच्या मधलं ड्रॉइंग) बघ. दुसऱ्याचं काम असं बघायला लागलं की स्वतःच्या चुका आपोआप दिसायला लागतात, हे मी दर वर्षी बघते.

२०२३च्या स्पायडर-मॅन ॲनिमेशनपटातला लेगोचा सीन एका १४ वर्षांच्या मुलाने केला, त्याने त्या सिनेमाचा ट्रेलर घरी बसून लेगोच्या रूपात बनवून ऑनलाइन टाकला होता आणि सिनेमावाल्यांनी तो बघून त्याला काम दिलं. पालकांना हे सांगितलं की ते लगेच हो म्हणतात, पण मुलांना मी फारसं सांगत नाही, कारण मग ती कामापेक्षा फोनची वाट बघतात. त्यांना मी ब्लेंडर या थ्रीडी ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरचं सांगते. २००२ मध्ये हे सॉफ्टवेअर बंद पडायच्या बेतात होतं तेव्हा ते वापरणाऱ्या लोकांनी सात आठवड्यांत एक लाख युरो जमवून ते सगळ्यांसाठी खुलं करून घेतलं, म्हणून आज कोणतंही मूल ते फुकट वापरू शकतं, आणि २०२५ मध्ये ज्या ॲनिमेशनपटाला ऑस्कर मिळालं तो त्याच ब्लेंडरवर केलेला होता.

काही संस्था मुलांना काम बाहेर टाकूच देत नाहीत, नाव खराब होईल म्हणून. त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की वयाची अट पाळा, मुलांना खरं नाव-पत्ता द्यायला लावू नका, वाईट कमेंट आली तर शेजारी बसून वाचा, पण दार बंद करू नका. आणि मूळ फाइल घरी जपून ठेवायला शिकवा, कारण निन्टेन्डोच्या छोट्या गेम मशीनवर मुलं जे ॲनिमेशन करायची ते शेअर करायची फ्लिपनोट हातेना ही जागा २०१३ मध्ये बंद झाली आणि २०२० संपताना वेबवरचं कितीतरी ॲनिमेशन ज्यावर चालायचं ते फ्लॅशही गेलं. माझी मुलं आता दर शुक्रवारी काम टाकायच्या आधी कॉपी काढून ठेवतात, आणि सोमवारी वर्गात आल्या आल्या पहिलं काय विचारतात तर, मॅडम, कोणी काही लिहिलंय का बघूया?

आपली,
एक ॲनिमेशन शिक्षिका