पुठ्ठा काढा, हीटर बंद करा

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीत थंडीत हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर अशा दोन्हींवर चालणाऱ्या, गाडीचं ॲव्हरेज वाढवण्याचे उपाय छापलेत. सोबतच्या छायाचित्रात गाडी बर्फात रुतलेली आहे. कोल्हापुरात बर्फ गोळेवाल्याच्या गाडीवर मिळतो, तोही उन्हाळ्यात. पुरवणी लावणाऱ्याने एवढं पाहिलं असतं तर पुढचा घोळ टळला असता.

'हायब्रिडचं ॲव्हरेज थंडीत ३० टक्क्यांहून जास्त पडतं' हे वाक्य खोटं नाही, अर्धवट आहे. हा आकडा अमेरिकी सरकारचा आहे. शून्याखाली ७ अंशांत शहरातल्या छोट्या फेऱ्या मारल्या, तर २५ अंशांच्या तुलनेत एवढी घट होते, असं ते सांगतात. आपल्याकडे जानेवारीत पहाटे पारा १४-१५ वर येतो आणि दुपारी ३० च्या आसपास जातो. एवढ्या थंडीने हायब्रिडच्या बॅटरीला फारसं काही होत नाही. तिला मे महिनाच जड जातो.

सगळ्यात घातक सल्ला पुठ्ठ्याचा. पुढच्या जाळीत पुठ्ठा किंवा फोम बसवा, इंजिन लवकर तापेल, म्हणे. सोमवारी सकाळी राजारामपुरीत एका नव्या कोऱ्या गाडीच्या जाळीत खोक्याचा पुठ्ठा खोचलेला दिसलाच. आपल्या वृत्तपत्राचा खप चांगला आहे, याबद्दल अभिनंदन.

इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट, म्हणजे कुलंटची (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाची) वाट अडवणारी झडप, बंद असतो. साधारण ८० अंशांना तो उघडेपर्यंत इंजिनचं कुलंट रेडिएटरकडे जातच नाही. म्हणजे सुरुवातीच्या ज्या मिनिटांत पेट्रोल जास्त जळतं, नेमका तेव्हा पुठ्ठ्याचा उपयोग जवळपास शून्य. उणे दहा अंशांच्या मुलखात बोनेटखाली घुसणारा गार वारा अडवायला लोक तो लावतात, ते त्यांचं बरोबर आहे. पण त्याच जाळीमागे एसीची उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सर असतो आणि बॅटरीची वीज मोटरला पुरवणाऱ्या इन्व्हर्टरचं कुलंट गार करणारा वेगळा रेडिएटरही असतो. इन्व्हर्टरला इंजिनासारखं तापून चालत नाही, त्याला पहिल्यापासून वारा लागतो. आता हा पुठ्ठेवाला भर दुपारी वैभववाडीहून करूळ घाट चढून गगनबावड्याला येऊ लागला, की काय होईल? आधी एसी गार करेनासा होईल. मग रेडिएटरचा पंखा पूर्ण वेगाने ओरडत वीज खाईल. तरीही भागलं नाही तर इन्व्हर्टर स्वतःला वाचवायला गाडीची ताकद कमी करेल आणि समोर हायब्रिड सिस्टिमचा इशारा उमटेल. तिथे पुरवणीचं कात्रण दाखवून वॉरंटी मिळत नाही.

इंजिन ब्लॉक हीटरबद्दल बोलायलाच नको. रात्रभर इंजिनाला वायर जोडून ठेवायची ही सोय आपल्याकडे कोण विकतो, ते लेखात दिलेलं नाही.

'सुरू करून दहा मिनिटं उभी ठेवा' हा सल्ला त्याहून वाईट, कारण तो लोक खरोखर पाळतात. स्ट्राँग हायब्रिड (नुसत्या मोटरवरही चालू शकणारी गाडी) 'रेडी' झाली की थोड्या वेळात इंजिन आपणहून सुरू होतं, ते मुख्यतः सायलेन्सरच्या नळीतला, धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवायला. त्यासाठी इग्निशनचं टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) मुद्दाम मागे ओढलेलं असतं, म्हणजे उष्णता चाकांकडे न जाता धुराबरोबर बाहेर पडते. या अवस्थेत उभं राहणं म्हणजे शून्य ॲव्हरेज. पट्टा लावून, आरसे बघून अर्ध्या मिनिटात निघावं आणि पहिले एक-दोन किलोमीटर पाय हलका ठेवावा. निघताच ईव्हीचं, म्हणजे गाडी नुसत्या बॅटरीवर चालवण्याचं, बटण दाबण्यातही हुशारी नाही. इंजिन थंड असेल तर गाडी बहुधा नकारच देते. ऐकलं तरी संपलेली वीज नंतर पेट्रोल जाळूनच भरावी लागते, त्यात प्रत्येक टप्प्यावर तूट येते. ते बटण पार्किंगमधून गाडी हलवण्यापुरतं ठीक.

खरी गोम लेखात नाहीच. बहुतेक लोक ऑटो एसीचा आकडा बारा महिने २४-२५ वर ठेवतात. मे महिन्यात त्याने गाडी गार होते. जानेवारीत सकाळी सातला आत १५ अंश असताना त्याच आकड्यावर हीटर चालू होतो आणि मालकाला पत्ता नसतो. हीटरची ऊब इंजिनच्या कुलंटमधून येते. कुलंट थंड आहे तोवर गाडीचा संगणक इंजिन थांबूच देत नाही. दसरा चौकात सिग्नलला गाडी उभी, इंजिन घरघरतंय आणि मालक सर्व्हिस सेंटरला फोन करून सांगतो की बॅटरी गेली. निघताना एसीचा पंखा पूर्ण बंद ठेवावा. सिग्नलला इंजिन आपोआप थांबू लागलं की हवं तर २०-२१ वर हीटर घ्यावा. स्वेटर घातला तर तोही लागत नाही. काचेवर आतून वाफ धरली तर मात्र ॲव्हरेजचा विचार न करता एसी चालू करावा, हवा बाहेरची घ्यावी आणि झोत काचेवर सोडावा. स्ट्राँग हायब्रिडचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो, तेवढ्यासाठी इंजिन लागत नाही. माइल्ड हायब्रिडला, जिच्यात मोटर इंजिनाला फक्त हातभार लावते, यातलं बरंचसं लागू नाही. लेखात दोघींची खिचडी केली आहे.

दुसरं म्हणजे छोट्या फेऱ्या. शाहूपुरीहून महाद्वार रोड दोन-अडीच किलोमीटर. तेवढ्यात इंजिन पुरतं तापत नाही, म्हणजे सगळी फेरी महागड्या अवस्थेतच संपते. चार कामं असतील तर लांबचं आधी करावं. शिरोली एमआयडीसीला जाऊन या, मग बँक, मग भाजी. तापलेलं इंजिन तासभर तरी ऊब धरून राहतं. आणि एकच काम, तेही दोन किलोमीटरवर असेल, तर स्कूटर काढा.

टायरमधली हवा तापमानात दर ५-६ अंशांच्या घसरणीला साधारण एक पीएसआय उतरते. मे महिन्यातल्या ३८ अंशांत भरलेली हवा जानेवारीच्या पहाटे चारेक पीएसआय कमी दाखवणार, झिरपलेली वेगळी. दरवाजाच्या खांबावरच्या स्टिकरवर आकडा असतो, तो थंड टायरचा. पंपापर्यंत पाच किलोमीटर गाडी पळवून मोजलं की आकडा फुगलेला येतो. पण मोजणार कुठे? पंपांवर मोफत हवा देणं बंधनकारक आहे, आणि शहरातल्या निम्म्या पंपांवर 'मशीन बंद आहे' ही पाटी कायमची. चालू असेल तर पोरगा गाडीकडे न बघता सगळ्यांना ३५ मारतो. यावर आपली पुरवणी एखादा रविवार घालवेल काय? तोवर गाडीच्या बारा व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर घरी ठेवावा आणि सकाळी निघण्यापूर्वी मोजावं.

ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच घालावं. बऱ्याच हायब्रिडला ते ०डब्ल्यू-१६ किंवा ०डब्ल्यू-२० इतकं पातळ असतं. गल्लीतल्या गॅरेजचं १५डब्ल्यू-४० सकाळी काकवीसारखं चिकट असतं, आणि हायब्रिडचं इंजिन पुन्हा पुन्हा बंद-चालू होत असल्याने सहज तापतही नाही. मागच्या सीटजवळच्या बॅटरीच्या जाळीवर शाली-गोधड्या टाकू नयेत. बॅटरी 'उबदार' ठेवायचा लेखातला सल्ला तिला गुदमरवणारा आहे.

पन्हाळ्याला जाणाऱ्यांसाठी एक. टोयोटा हायरायडर किंवा मारुती ग्रँड विटाराच्या स्ट्राँग हायब्रिडची बॅटरी पाऊण युनिटची. १,४०० किलोंची भरलेली गाडी ३०० मीटर उतरली, तरी एक युनिटाहून जास्त ऊर्जा सुटते. बॅटरी वाटेतच भरते आणि उरलेली ब्रेक लावण्यात वाया जाते. म्हणून उतारावर एसी, डिफॉगर बिनधास्त लावा, ती वीज फुकटची आहे.

आणि ॲव्हरेज पडलं की सगळा दोष थंडीला देऊ नये. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा तिसरा हिस्सा ऊर्जा कमी असते, म्हणजे पंपावरच्या २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये सहा-सात टक्के ऊर्जा मुळातच कमी भरली जाते. आपल्याच उसाचं आहे म्हणून त्यावर पुरवणीत लिहायचं नाही, असा नियम नसावा.

हा खुलासा वाचकपत्रांच्या कोपऱ्यात न टाकता येत्या रविवारी त्याच पानावर छापावा, ही विनंती. छायाचित्राची गरज नाही.

आपला,
एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर